घुबडघराचं गाव: न्यू-बेथेस्डाची दीडशे वर्षं

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातल्या स्नीउबर्ग डोंगरांत पूर्वी सान शिकारी राहत. अठराव्या शतकात वसाहतवाल्यांच्या हत्यारबंद टोळ्यांनी त्यांचा संहार केला. पुढे १८७५ साली डच रिफॉर्म्ड चर्चने इथे जमीन घेऊन न्यू-बेथेस्डा वसवलं. मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांना प्रार्थनेसाठी पन्नासेक किलोमीटरवरच्या ग्राफ-रेनेटला जावं लागे, ती पायपीट यामुळे वाचली. कारू नावाचा हा मुलूख कोरडा, पण गावाला झऱ्याचं पाणी लाभलं. पाटांतून ठरल्या पाळीने ते परसापरसात पोचलं आणि फळझाडं जगली.

याच गावात १८९७ साली हेलन मार्टिन्स जन्मली. शिक्षिका झाली, लग्न मोडलं, आईवडिलांची सेवा करायला ती परतली. वडील १९४५ साली गेले आणि त्यानंतर तिने घरच बदलायला घेतलं. काचा दळून तिने भिंतींवर आणि छतांवर त्यांचा चुरा चिकटवला. दिव्याच्या उजेडात खोल्या लखलखू लागल्या. अंगणात सिमेंटची घुबडं, उंट आणि पूर्वेकडे निघालेले यात्रेकरू उभे राहिले. कर्मठ शेजाऱ्यांना हे रुचलं नाही. ती एकटी पडत गेली. दृष्टी अधू होत चालली तेव्हा, १९७६ साली, तिने स्वतःचं आयुष्य संपवलं.

तिचं काम मात्र गावाबाहेर पोचलं. नाटककार अथॉल फुगार्ड यांनी गावात घर घेतलं होतं. हेलनच्या आयुष्यावरून सुचलेलं त्यांचं ‘द रोड टू मेक्का’ १९८४ साली रंगमंचावर आलं. पुढे हेलनच्या घराचं, म्हणजे ‘आऊल हाऊस’ या घुबडघराचं, संग्रहालय झालं आणि पाहुण्यांचा ओघ सुरू झाला. खाणावळी, पाहुणघरं, कलाकारांची दुकानं त्याच ओघावर उभी राहिली. पाहुण्यांना आणखीही एक ओढ आहे: पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे जीवाश्म इथल्या खडकांत सापडतात. गावात वाढलेले जीवाश्मतज्ज्ञ जेम्स किचिंग यांच्या नावाचं केंद्र ते दाखवतं.

आजही रस्ते मातीचेच आहेत. रस्त्यांवर दिवे नाहीत, म्हणून रात्री आकाशगंगा स्पष्ट दिसते. अडीच हजार मीटर उंच कोम्पासबर्ग गावाजवळच उभा आहे. शहरातून येणाऱ्याला ही शांतता हवीशी वाटते, पण गावालगतच्या पीनार्सिख वस्तीतल्या माणसांना तिच्यासोबत बेकारीही सोसावी लागते. गावाच्या कौतुकात ती वस्ती सहसा येत नाही.

कूस माल्खासचंही असंच झालं. मेंढ्यांची लोकर कातरणारा हा कारागीर १९६४पासून हेलनच्या मृत्यूपर्यंत तिच्यासोबत राबला. अंगणातल्या कितीतरी मूर्ती त्याच्या हातच्या आहेत. पुढे तो गाव सोडून गेला, पण १९९१ साली परत येऊन त्याने मोडकळीला आलेल्या मूर्ती सावरल्या. २००० साली तो वारला. ज्या बाईला गावाने दूर लोटलं आणि ज्या मजुराला मोजलं नाही, त्या दोघांच्या कष्टांवर आज या गावाची चूल पेटते. तिथे गेलात तर हेलनबरोबर कूसचंही नाव घ्या.