सूज आणि बाळसें

अंगावर मांस चढलें म्हणजे बाळसें, पाणी चढलें म्हणजे सूज. दुरून दोन्ही सारखींच दिसतात. म्हणून सुजेला बाळसें समजणाऱ्यास मराठींत हसतात. बोटानें दाबून पाहावें. खळगा तसाच राहिला तर तें बाळसें नव्हे.

शरीराच्या सुजेविषयीं मराठी मोठी काटेकोर आहे. मार लागून येतें तें टेंगूळ, पिकतें तें गळूं, पायाच्या जखमेपायीं जांघेंत उठतें तें अवधाण. हत्तीपाय हा शब्द तर वर्धा जिल्ह्यांत लहानथोरांस ठाऊक. हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत वर्ध्याची गणना होत आलेली आहे. वैद्य त्यालाच श्लीपद म्हणतात. सुजेला संस्कृतांत शोथ असें नांव आहे. तो शब्द ज्या 'श्वि' धातूपासून झाला, त्याच धातूशीं व्युत्पत्तिकार 'शून्य' हा शब्दही जोडतात. बाहेरून फुगलेलें, आंतून पोकळ!

भाषेच्या सुजेला मात्र असें नेमकें नांव सांपडत नाहीं. पाल्हाळ नुसता लांबतो, फुगत नाहीं. आणि 'शब्दावडंबर' हा शब्द स्वतःच थोडा सुजलेला आहे. इंग्रजींत अशा भाषेस 'बाँबॅस्ट' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ कपड्यांत भरावयाचा कापूस. ज्या हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकांत विलायतेच्या बाजारांत नांवानें ओळखला जाई, तेथें ही उपमा समजावून सांगावी लागूं नये.

संस्कृत शब्द आला कीं सूज आली, असें मात्र नव्हे. वैद्यानें वैद्यापाशीं श्लीपद म्हणावें. ऐकणारा कोण, एवढेंच पाहावयाचें. संस्कृत न समजणाऱ्या आईच्या इच्छेस्तव विनोबांनीं १९३०-३१ सालीं वर्ध्यास गीताई रचली. विषय जड, पण भाषेला सूज नाहीं.

हत्तीरोगाच्या बाबतींत तर हें पथ्य अधिकच जरूर आहे. डांसाच्या दंशानें जंतु शरीरांत शिरतात आणि पाय सुजतो तो पुष्कळ वर्षांनीं. म्हणून गोळ्या धडधाकट दिसणाऱ्या माणसानेंही घ्यावयाच्या असतात. आणि त्याला तें पटवावयाचें तें शब्दांनींच. 'लसिकावाहिन्यांच्या अवरोधजन्य शोथाच्या प्रतिबंधार्थ सामुदायिक औषधोपचार' असें फलकावर लिहिलें, तर वाचणारा पुढें चालूं लागतो. 'डांस चावून पुढें पाय सुजतो, म्हणून आजच गोळी घ्या' असें म्हटलें, तर तो निदान थांबून विचारतो, "मी तर बरा आहें, मग गोळी कशाला?" आणि त्याला उत्तर देतां येतें.