दवाखान्यासाठी पीआर सल्लागार शोधताय? आधी हे विचारा

नवा दवाखाना उघडला की डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर मेसेज सुरू होतात : ‘सर, महिन्याला ५० नवे पेशंट, गॅरंटी!’ हुरळून जाऊ नका.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना २००२ ची आचारसंहिता लागू आहे (२०२३ ची नवी नियमावली आली आणि त्याच ऑगस्टमध्ये स्थगितही झाली). पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करणं त्यात बसत नाही. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, डॉक्टर रजेवर आहेत, फी किती, अशा मोजक्या गोष्टींचं निवेदन वर्तमानपत्रात देता येतं. पाटीवर किंवा लेटरहेडवर स्वतःचा फोटो? तीही जाहिरातच धरली जाते.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा :

👉 २००२ चे नियम वाचलेत का?

👉 ‘आमच्या औषधाने मधुमेह कायमचा बरा’ अशी पोस्ट कराल का? १९५४ च्या कायद्याने अशा जाहिरातीला बंदी आहे. ‘करू की’ म्हणणाऱ्याला तिथेच नारळ द्या.

👉 पेशंटचे फोटो कसे वापरणार? ओळख पटत असेल तर परवानगी हवीच.

👉 गूगलवर वाईट रिव्ह्यू आला तर? आजाराचा उल्लेख न करता, सभ्य दोन ओळींत उत्तर देणारा माणूस कामाचा.

चांगला सल्लागार पेशंटचे आकडे कबूल करत नाही. तो पावसाळ्याआधी तुमच्याकडून डेंग्यूवर सोप्या मराठीत लेख लिहून घेतो.

आणि करारावर सही करताना एवढं ध्यानात ठेवा : नियम मोडला तर मेडिकल कौन्सिलची नोटीस एजन्सीला नाही, डॉक्टरला येते.