वीस लिटरची अंघोळ

"तायारी?" तंबूच्या मागून आवाज आला.

"तयार!" मी आतून ओरडले. स्वाहिलीचा गंध नसताना हा संवाद मला पहिल्या फटक्यात जमला. बाहेर कप्पी करकरली, गरम पाण्याची कॅनव्हासची पिशवी खांबावर चढली आणि डोक्यावरच्या झारीतून धार सुरू झाली. एका माणसाला वीस लिटर. अंग भिजवायचं, साखळी ओढून पाणी बंद करायचं, साबण लावायचा (त्यांचा 'साबुनी'), पुन्हा साखळी. पहिल्या दिवशी मी शाम्पूचा मोह केला आणि डोळ्यांत फेस घेऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पाणी उरलं.

टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिण टोकाला नडुटूच्या बाभळींखाली आमचा प्रायव्हेट कॅम्प होता. प्रायव्हेट म्हणजे आम्हा सहा जणांचे तीन तंबू, एक जेवणाचा, एक स्वयंपाकाचा आणि आसपास दुसरं कोणी नाही. आदल्या दिवशी ट्रक येऊन सगळं उभारून गेला होता. जवळ तळं आहे, पण खारं. त्यामुळे पिण्याचं, भांड्यांचं, अंघोळीचं सगळं पाणी ट्रकमधून आलेलं. ते एकदा कळलं की नळाखाली वाढलेल्या माणसाला धार बंद करायला सांगावं लागत नाही.

झाडी संपली की उघडं मैदान. न्गोरोंगोरोच्या बाजूच्या ज्वालामुखींची राख इथे पसरली आणि जमिनीखाली तिचा कडक थर बसला. झाडांची मुळं तो फोडू शकत नाहीत, गवत मात्र आखूड आणि कसदार. विण्यासाठी विल्डबीस्ट फेब्रुवारीच्या सुमारास इथेच येतात ते त्या गवतासाठी. दहा लाखांहून जास्त जनावरं, आणि बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. जन्मल्यावर काही मिनिटांत पिल्लू उभं राहून धावू लागतं. हे मी जीपमधून पाहिलं, आणि आजूबाजूला बसलेले तरसही पाहत होते.

स्वाहिलीतल्या नात्यांच्या शब्दांनी मात्र घोटाळा केला. पाणी आणणाऱ्या तरुणाला मी सवयीने 'दादा' म्हटलं, तर स्वयंपाकाच्या तंबूत हशा पिकला. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, आणि काका म्हणजे भाऊ! मी, पन्नाशीची बाई, तीन दिवस 'मामा' होते, कारण तिकडे मामा म्हणजे आई.

त्या हशामुळेच मला स्वयंपाकाच्या तंबूत प्रवेश मिळाला. तिथला आचारी पत्र्याच्या पेटीत पाव भाजत होता. खाली निखारे, झाकणावर निखारे. आमच्या आजीचं धोंडस असंच व्हायचं, वर विस्तव, खाली विस्तव. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. तो झाकणाजवळ तळहात नेई, किंचित मान हलवी आणि चिमट्याने दोन निखारे बाजूला करी. चपातीला तिकडे चपातीच म्हणतात, पण ती मैद्याची, तेल लावून, गुंडाळी करून पुन्हा लाटलेली. माझ्या घड्यांच्या पोळीपेक्षा मऊ होती, हे मी घरी सांगितलेलं नाही.

अंधार पडला की प्रायव्हेटपणा संपतो. जेवणाच्या तंबूपासून आमचा तंबू चाळीस पावलांवर, पण ती एकटीने चालायची नाहीत. बॅटरी घेतलेला अस्कारी, म्हणजे पहारेकरी, सोबत येणार, आधी प्रकाश गोल फिरवून कुठे डोळे चमकतात का बघणार, मग आपण पाऊल टाकायचं. आत गेलं की चेन लावायची. कुलूप काय ते तेवढंच. खाण्याचा पदार्थ आत ठेवायचा नाही, बिस्किटसुद्धा नाही. बंद तंबूकडे जनावरं वारुळाकडे बघावं तशी बघतात, कापड फाडता येतं हे त्यांच्या डोक्यात येत नाही, असं गाइड म्हणाला. "सहसा," हेही म्हणाला.

रात्रभर विल्डबीस्ट कुरकुरत होते, वर तरसाची खालून चढत जाणारी हाक. मग सिंह. त्याची डरकाळी आठ किलोमीटरवरून ऐकू येते, म्हणजे ती ऐकून तो किती लांब आहे हे काही कळत नाही. मी पांघरूण डोक्यावर ओढलं, जणू तेही कापड कामाचं होतं.

सकाळी दारातल्या कोल्हापुरी चपलांपैकी एक गायब! शंभर पावलांवर ती सापडली, अंगठा तेवढा शिल्लक. "फिसी," अस्कारी पाऊलखुणा दाखवत म्हणाला. तरस. चामडं त्याला खाऊच. चपला बाहेर ठेवू नका, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा मी फोटो काढत होते.

तिसऱ्या दिवशी आमचा चहा होईपर्यंत तंबू उतरले. संडासाचा खड्डा उकरलेल्याच मातीने बुजवला, वर गवताची ढेपळं बसवली, गार झालेली राख डब्यात भरून ट्रकमध्ये चढवली. आम्हा सहा जणांच्या एकांतासाठी सात माणसं राबत होती.

जाणार असाल तर विणीच्या दिवसांत जा. छोट्या विमानाने जायचं असेल तर साधारण १५ किलोच सामान चालतं, तेव्हा मऊ बॅग घ्या. आणि रात्री चपला आत.