समकारी व परिणामक, संगणकीय

संगीताच्या निरनिराळ्या ध्वनिमुद्रित पट्ट्यांचे संगणकावर मिश्रण करताना ध्वनीचा पोत व अवकाश बदलण्यासाठी मूळ कार्यक्रमास जोडण्यात येणारे दुय्यम कार्यक्रम. त्यांना प्लगिन असे म्हणतात. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी हा जोडणीचा संकेत प्रचारात आणल्यावर एका निर्मात्याचे प्लगिन दुसऱ्याच्या कार्यक्रमात वापरणे सुलभ झाले. आज त्यांची संख्या एवढी आहे की, निवड हीच मुख्य अडचण होऊन बसली आहे.

समकारी हा ठराविक कंप्रतांची (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांची) पातळी वाढवितो किंवा घटवितो. पल्स टेक्निक्स या अमेरिकन कंपनीच्या १९५१ मधील ‘पल्टेक ईक्यूपी–१’ या समकारीच्या अनेक संगणकीय प्रतिकृती मिळतात. मूळ यंत्रात मंडलामुळे होणारी घट निर्वात नलिकांच्या प्रवर्धकाने भरून काढीत. त्यातील खालच्या कंप्रतांची वाढ व घट ही नियंत्रणे एकदम वापरली, तरी ती परस्परांना पूर्णतः रद्द करीत नाहीत. तळाशी उठाव व त्याच्या वर खळगा असा वक्र मिळतो. ढोबळ रंग देण्यास हा समकारी उत्तम. पण खोलीच्या अनुनादामुळे एकच स्वर घुमत असेल, तर तेथे तो निरुपयोगी ठरतो. त्यासाठी जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये मांडलेला प्राचलिक समकारी घ्यावा लागतो. त्यात मध्यकंप्रता, पातळी व पट्ट्याची रुंदी स्वतंत्रपणे ठरविता येतात.

तंबोऱ्याचे उदाहरण बोधप्रद आहे. काळी एकमधील षड्‌ज सु. १३९ हर्ट्‌झ, तर खर्जाची तार सु. ६९ हर्ट्‌झ असते. गुरगुराट काढण्याच्या हेतूने १०० हर्ट्‌झखालील भाग सरसकट छाटल्यास खर्जाचा मूलस्वरच दुबळा होतो. जवारीतील वरच्या अंशस्वरांमुळे कानाला खर्ज ऐकू येत राहतो. त्यामुळे ही हानी लहान ध्वनिक्षेपकावर सहसा ध्यानात येत नाही.

कलारेषीय समकारीत सर्व कंप्रतांना सारखाच विलंब होतो व तरंगांच्या कलांतील मूळ संबंध टिकतो. मात्र तबल्याच्या थापेसारख्या आघातापूर्वी सूक्ष्म पूर्वनाद उमटू शकतो.

निनादनासाठी दोन मार्ग आहेत. एखाद्या सभागृहाचा क्षणिक आवेगास मिळणारा प्रतिसाद नोंदवून त्याचे मूळ ध्वनीशी संवलन केल्यास त्या वास्तूचा नाद हुबेहूब येतो, पण तो फारसा बदलता येत नाही. गणितरीतीने निर्मिलेला निनाद हवा तसा वळविता येतो. ‘ईएमटी १४०’ या १९५७ मधील पोलादी पत्र्याच्या यंत्राच्या प्रतिकृती दोन्ही मार्गांनी केल्या जातात.

विरूपण करणाऱ्या परिणामकांत नवे अंशस्वर निर्माण होतात. सेकंदास ४४,१०० नमुने घेतल्यास २२,०५० हर्ट्‌झपर्यंतच्याच कंप्रता दर्शविता येतात. त्यापुढील अंशस्वर खाली परतून बेसूर भासतात. अशा परिणामकात अधिनमुनाकरणाची सोय आहे किंवा नाही, हे पाहणे आवश्यक असते. पडद्यावर नामांकित जुन्या यंत्राचे चित्र असणे, हा मात्र निकष नव्हे.

फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविल्याप्रमाणे कानाची संवेदनशीलता कंप्रता व पातळी या दोहोंनुसार बदलते. पातळी थोडी वाढली, तरी ध्वनी अधिक भरदार वाटतो. म्हणून दोन प्लगिनांची तुलना त्यांच्या निर्गमाची पातळी समान करूनच करतात.