विक्रम गोखले : अभिनयाची कारकीर्द आणि नाणे येथील जमीन

भाजे लेण्यांच्या पूर्वेस, कामशेतजवळ, नाणे हे मावळातील गाव आहे. तेथील आपली एक एकर जमीन विक्रम गोखले (निधन : २६ नोव्हेंबर २०२२) यांनी २०२० मध्ये निराधार वृद्ध कलावंतांसाठी देऊ केली. त्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत व आजी कमलाबाई यांनी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) मध्ये भूमिका केल्या. वडील चंद्रकांत गोखलेही नटच. अशा घराण्याला नटाच्या मिळकतीची अनिश्चितता अपरिचित असणे संभवत नाही. ‘अनुमती’मध्ये पत्नीच्या उपचारखर्चापुढे हतबल झालेला निवृत्त शिक्षक त्यांनी साकारला. या भूमिकेस २०१३ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार (इरफान खान यांच्यासमवेत) लाभला. घशाच्या विकारामुळे २०१६ मध्ये त्यांना रंगभूमी सोडावी लागली. जमिनीचा निर्णय त्यानंतर चार वर्षांनी झाला.