घुमट नसलेली मशीद
लेखमाला : दगड आणि लेख (लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण तुर्कस्तानात एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीत होतो. ती १५७५ साली पुरी झाली. सुमारे ३१ मीटर व्यासाचा एकच घुमट, त्याचा भार पेलणारे आठ खांब आणि खाली अखंड मोकळी जागा असा तो सगळा ओस्मानी वास्तुकार मिमार सिनानचा खेळ. ओस्मानी मशीद म्हणजे घुमट, हे समीकरण त्याने पक्कं करून टाकलं. सिनान १५८८ साली वारला. त्याच सुमाराला, तिथून हजारो कोस दूर तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात, अशी एक मशीद पुरी होत होती जिच्या डोक्यावर घुमटच नाही.

रावेर मागे पडलं की गाडी थोड्याच वेळात मध्य प्रदेशात शिरते आणि बुऱ्हाणपूर येतं. हा खानदेशच, राज्यांची सीमा अलीकडची आहे. गांधी चौकाच्या गर्दीत, दुकानांच्या मधोमध जामा मशिदीचा दरवाजा आहे. मराठी माणसाला हे शहर दोनच कारणांनी ठाऊक असतं : संभाजीराजांच्या काळात १६८१ साली मराठ्यांनी घातलेला छापा आणि माव्याची जिलबी. मशिदीसाठी मुद्दाम उतरणारे थोडे.

आत गेल्यावर मोठं अंगण, वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा हौद आणि समोर पंधरा टोकदार कमानींची रांग. दोन टोकांना दोन उंच मिनार. घुमट कुठेच नसल्यामुळे ही इमारत उंचीपेक्षा रुंदीतच डोळ्यांत भरते.

मग छत टिकलंय कसं? नमाजाची जागा रुंदीला पंधरा आणि खोलीला पाच अशा चौकोनी खणांत विभागलेली आहे. प्रत्येक खणावर दगडी कमानीचं छत. दोन कमानदार छतं एकमेकांना काटकोनात छेदली, की त्यांच्या चार कडा चार कोपऱ्यांत उतरतात आणि सगळा भार तिथल्या खांबांवर येतो. कमान नुसती खाली दाबत नाही, ती बाजूलाही रेटते. पण शेजारच्या खणाची कमान तेवढ्याच जोराने उलट रेटते आणि दोन्ही रेटे एकमेकांना खाऊन टाकतात. प्रश्न उरतो तो टोकाच्या खणांचा. त्यांच्या पलीकडे रेटणारं कोणी नाही. तिथे जाड भिंती आणि समोरच्या कोपऱ्यांवर मिनारांचं वजन कामाला येतं. म्हणून मला हे मिनार नुसती शोभा वाटत नाहीत.

सिनानने मधले खांब हटवून जागा मोकळी केली. इथे उलट, खांबांनाच मान आहे. मधोमध उभं राहून कुठल्याही दिशेला पाहा, कमानीमागे कमान दिसत जाते. शेजारच्या गुजरातेत, अहमदाबादच्या १४२४ च्या जामा मशिदीतही खांबांचं रान आहे, पण त्यावर पंधरा घुमट चढवलेले आहेत. बुऱ्हाणपूरच्या कारागिरांनी तेही टाळलं. माझ्या मते हा साधेपणा पैशांच्या तंगीतून आलेला नाही. ज्याने ही मशीद बांधली त्या खानदेशच्या सुलतान राजे अली खान फारुकीचं राज्य १५७६ ते १५९७ असं होतं आणि बुऱ्हाणपूर तेव्हा उत्तर-दक्षिण व्यापाराच्या हमरस्त्यावर होतं.

पण खरी थांबायची जागा आत आहे, किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीपाशी. तिथे अरबी लेखाबरोबर चक्क देवनागरीतला संस्कृत लेख आहे. सुरुवातीला सृष्टिकर्त्याला नमन आणि निर्गुण, निराकार परमेश्वराची स्तुती; आपल्या संतांच्या ओव्यांवर वाढलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. पुढे राजा मलिकपासूनची फारुकी वंशावळ. आणि शेवटी काळ : विक्रम संवत १६४६, शके १५११, हिजरी ९९७, शिवाय तिथी-नक्षत्रासह पंचांगातला सगळा तपशील. मशिदीसाठी मुहूर्ताची नोंद करून ठेवणारा पंडित दरबारात होता आणि राजाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हा एखादाच अपवाद म्हणावा, तर जवळच्या अशीरगड किल्ल्यावरच्या याच राजाच्या मशिदीतही संस्कृत लेख आहेच.

राजे अली खान १५९७ साली गोदावरीकाठी सोनपेठच्या लढाईत पडला, तोही मोगलांच्या बाजूने लढताना. त्याच मोगलांनी चार वर्षांत त्याच्या मुलाकडून अशीरगड घेतला आणि १६०१ मध्ये फारुकी घराणं संपलं. अकबराच्या त्या विजयाची नोंदही याच मशिदीत कोरलेली आहे.

जाणार असाल तर शुक्रवारची दुपार टाळा. ही चालती मशीद आहे, संग्रहालय नव्हे. चपला बाहेर काढा, नमाज चालू असेल तर अंगणात थांबा आणि संस्कृत लेख पाहायचाय असं तिथल्या कोणालाही विचारा. पुढच्या आठवड्यात याच शहरातली बीबी की मशीद पाहू.