मार्सियनचे दोन लाख

या लेखमालेत या आठवड्यात आरियस येणार होता. तो आता पुढच्या हप्त्यावर गेला आहे, आणि त्याला कारण नाशिकच्या एका वाचकाचे पत्र. मार्सियनला गेल्या वेळी दोन परिच्छेदांत वाटेला लावले, हे त्यांना रुचलेले नाही. त्यांचा प्रश्न असा : रोमच्या ख्रिस्ती मंडळीने मार्सियनचे पैसे ठेवून घेतले असते, तर पुढे जगभर पसरलेला धर्म त्याचा असता का?

आधी पैशांचे बघू. काळ्या समुद्रावरच्या सिनोपे बंदरातला हा जहाजमालक १४०च्या सुमारास रोममध्ये आला आणि त्याने तिथल्या मंडळीला दोन लाख सेस्टर्स दिले. त्या काळी रोमन फौजेतल्या साध्या शिपायाला वर्षाला १,२०० सेस्टर्स मिळत. म्हणजे दीडशेहून अधिक शिपायांचा वर्षाचा पगार. १४४मध्ये मंडळीने त्याला हाकलले आणि सगळी रक्कम परत केली. ही हकिकत सांगतो टर्टुलियन, जो मार्सियनच्या बाजूने चुकूनही काही बोलणार नाही. एवढी रोकड परत करू शकणारी मंडळी अगदीच फाटकी नव्हती, एवढे मात्र यातून कळते.

वाद कशावरून होता, हे नियमित वाचकांना आठवत असेलच. मार्सियनच्या मते जग निर्माण करणारा जुन्या करारातला देव न्यायी, पण कठोर. येशूने ज्याची ओळख करून दिली तो देव निराळा, निव्वळ दयाळू आणि तोवर कुणालाही ठाऊक नसलेला. तेव्हा यहुद्यांचे सगळे धर्मग्रंथ बाद. उरले एक शुभवर्तमान, लूकच्या शुभवर्तमानासारखे पण जन्मकथेशिवायचे, आणि पौलाची दहा पत्रे. ख्रिस्ती ग्रंथांची आपल्याला माहीत असलेली पहिली बंदिस्त यादी ती हीच. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर सुनावले होते. मार्सियनने त्यातून निष्कर्ष काढला की पेत्रासह बाकीच्या शिष्यांना आपला गुरू समजलाच नव्हता.

आता हा माणूस जिंकला अशी कल्पना करू. ख्रिस्ती उपासनेतून स्तोत्रसंहिता गेली, दहा आज्ञा गेल्या. सिस्टीन चॅपलच्या छतावर मायकेलअँजेलोने रंगवलेले उत्पत्तीच्या पुस्तकातले नऊ प्रसंग गेले. आपल्याकडचे नुकसानही लहान नाही. १६१६मध्ये राशोलला छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत, आणि त्यातला पहिला सगळा जुन्या कराराचा : सृष्टीची उत्पत्ती, आदाम, जलप्रलय, मोशे. गोव्यातल्या नवख्रिस्त्यांची जुनी पुराणे हिरावली गेली होती. त्यांच्यापुढे सृष्टीच्या आरंभापासूनची कथा ओवीत मांडता आली, ती या ग्रंथांच्या बळावर. मार्सियनपंथी स्टीफन्सला थेट तिबेरियस बादशहाच्या पंधराव्या वर्षापासून सुरुवात करावी लागली असती. तिथेच मार्सियनचे शुभवर्तमान सुरू होते.

मार्सियन जिंकू शकला नसता, असे या लेखमालेचे मत आहे आणि त्याचे कारण याच त्रुटीत आहे. रोमन जगात नवा देव म्हणजे संशयित देव. यहुद्यांविषयी टॅसिटसला प्रेम नव्हते, तरी त्यांचे विधी प्राचीन आहेत म्हणून समर्थनीय, एवढे त्याने मान्य केले. ख्रिस्त्यांना ती सवलत नव्हती. वाडवडिलांचा धर्म टाकून काल-परवाच्या माणसामागे लागलेले लोक, म्हणून सेल्ससने त्यांची टर उडवली. त्यावर ख्रिस्ती पंडितांचे उत्तर ठरलेले होते : मोशे तुमच्या होमरपेक्षा जुना. जस्टिनने तर प्लेटोच मोशेकडून शिकला असे ठोकून दिले. अंत्युखियाचा बिशप थिओफिलस हिशेबाला बसला आणि जगाच्या निर्मितीपासून सम्राट मार्कस ऑरेलियसच्या मृत्यूपर्यंत ५,६९५ वर्षे झाली, असा आकडा त्याने काढला. या थिओफिलसने मार्सियनविरुद्धही एक ग्रंथ लिहिला होता, हा योगायोग नव्हे. जुना करार म्हणजे ख्रिस्त्यांच्या वाडवडिलार्जित हक्काची सनद होती, आणि मार्सियन ती फाडायला निघाला होता.

दुसरे कारण अनेकदा सांगितले जाते : बाप्तिस्मा फक्त ब्रह्मचाऱ्यांना, किंवा संसार सोडलेल्यांना. अशा पंथाला घरातून वारस मिळत नाहीत. कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. हा पंथ काही शतके टिकला, आणि तोही फक्त शहरांत नव्हे.

दमास्कसच्या दक्षिणेला देइर अली गावात एक ग्रीक शिलालेख सापडला. त्यात लेबाबा गावच्या मार्सियनपंथीयांचे प्रार्थनागृह, पौल नावाच्या धर्मवडिलांच्या पुढाकाराने बांधलेले, अशी नोंद आहे. सेल्युकिड संवत ६३०, म्हणजे ३१८-१९. स्पष्ट तारीख असलेला ख्रिस्ती प्रार्थनागृहाचा इतका जुना शिलालेख दुसरा नाही, आणि तो निघावा पाखंड्यांचा! मार्सियनविषयी बाकी जवळजवळ सगळे आपण त्याच्या वैऱ्यांच्या तोंडून ऐकतो. हा दगड मात्र त्याच्या माणसांचा. पुढे काही वर्षांतच कॉन्स्टंटाइनने नाव घेऊन त्यांच्या सभांवर बंदी घातली. तरीही ३५०च्या सुमारास जेरुसलेमचा बिशप सिरिल आपल्या लोकांना बजावतो की परगावी गेल्यावर नुसते प्रभूचे घर कुठे म्हणून विचारू नका. मार्सियनवालेही आपल्या जागेला तेच म्हणतात.

पाचव्या शतकात सिरियातल्या सायर्‍हसच्या थिओडोरेट बिशपने मार्सियनपंथीयांची आठ गावे आपल्याकडे वळवल्याचे लिहिले आहे. त्यानेच सांगितलेला एक म्हातारा विसरता येत नाही. वय नव्वद. रोज सकाळी तो तोंड धुवायचा ते स्वतःच्या थुंकीने, कारण पाणी त्या दुसऱ्या देवाने निर्माण केलेले; त्याचे उपकार कशाला घ्या? मग जेवता-पिता कसे, असे विचारल्यावर त्याने कबूल केले की तिथे इलाज नाही, जगायचे तर त्याचेच खावे लागते. थिओडोरेट ही गोष्ट हसे करण्यासाठी सांगतो. पण रोममधल्या त्या वादानंतर तीनशे वर्षांनी एक वृद्ध माणूस आपल्या तत्त्वासाठी रोज सकाळी एवढा खटाटोप करतो, हे दोन लाख सेस्टर्सनी विकत मिळण्यासारखे नव्हते.

टर्टुलियनच्या ग्रंथाची चोरी राहिलीच. मार्सियनविरुद्धचे पहिले पुस्तक घाईत झाले म्हणून त्याने ते नव्याने, विस्ताराने लिहिले. ते हस्तलिखित एका धर्मबंधूने पळवले, चुकांनी भरलेली नक्कल लोकांत फिरवली आणि वर स्वतः धर्मही सोडला. म्हणून टर्टुलियनला तिसऱ्यांदा बसावे लागले; आज हाती आहेत ते पाच खंड त्या तिसऱ्या बैठकीचे. त्यात जुन्या करारावर प्रेम जितके आहे, तितकाच हा रागही असावा.

दहाव्या शतकात बगदादचा इब्न अल-नदीम आपल्या ग्रंथसूचीत खुरासानातल्या मार्सियनपंथीयांची आणि त्यांच्या स्वतंत्र लिपीची नोंद करतो, ती मानीच्या अनुयायांच्या शेजारी. मानीचे नाव निघाले की आवरणे अवघड. तो मध्ये आडवा आला नाही, तर पुढच्या आठवड्यात आरियस, आणि खलाशांसाठी त्याने रचलेली गाणी.